मानवेलाचे आयुष्य आणि चांद्याचे जंगल

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्रात वर्गीकरण, पेशीभित्ती, वाढ, प्रजनन आणि परिसंस्था ही प्रकरणे वेगवेगळी शिकवली जातात आणि त्यांची उदाहरणेही बहुधा दूरदूरची असतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत मात्र ही सारी प्रकरणे एकाच वनस्पतीपाशी येऊन मिळतात, आणि ती वनस्पती म्हणजे बांबू. गेल्या दीडशे वर्षांत या भागातील बांबूवर हक्क कोणाचा, तो कोणी, केव्हा, किती आणि कोणत्या दराने तोडावा, याविषयी जे कायदे, करार आणि लढे झाले, त्यांच्याकडे केवळ महसुलाचा किंवा राजकारणाचा इतिहास म्हणून पाहिले तर त्यातील निम्मी हकिकत हातची निसटते. त्या प्रत्येक व्यवस्थेच्या मुळाशी, कोणी तो उच्चारला असो वा नसो, एक जीवशास्त्रीय प्रश्न होता: बांबू हा कशा प्रकारचा सजीव आहे, त्याची वाढ कोठून होते आणि तो मरतो केव्हा? ज्याने या प्रश्नाचे जसे उत्तर गृहीत धरले तसा त्याने बांबू वापरला, आणि त्या उत्तराची फळे जंगलाला व जंगलात राहणाऱ्यांना भोगावी लागली.

वर्धा आणि वैनगंगा, त्यांच्या संगमापासून पुढे वाहणारी प्राणहिता आणि पूर्वेकडील इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत हा प्रदेश पसरला आहे. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, त्यानंतर त्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्या नव्या जिल्ह्याचे दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्र जंगलाखाली आहे. हे जंगल पानझडी आहे, म्हणजे उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत त्यातील बहुतेक झाडे पाने टाकून बाष्पोत्सर्जन, अर्थात पानांवाटे होणारी पाण्याची हानी, थांबवतात. साग, ऐन, बीजा, मोह आणि तेंदू यांच्या छायेखाली या जंगलाचा दुसरा थर बांबूचा असतो. त्यात दोन जाती मुख्य आहेत. नाल्यांच्या आणि नद्यांच्या काठी, ओल असलेल्या गाळाच्या जमिनीत काटेरी, उंच व पोकळ असा कटांग वाढतो. डोंगरउतारांवर आणि कोरड्या, मुरमाड जमिनीत बिनकाट्याचा मानवेल वाढतो. मानवेलाची काठी कोरड्या जागी जवळजवळ भरीव होते, आणि लाठीसाठी, घराच्या वाशांसाठी, कुडाच्या भिंतींसाठी व विणकामासाठी त्याचीच निवड होत आली आहे. या दोन जिल्ह्यांच्या बांबूचा इतिहास मुख्यतः या मानवेलाचा इतिहास आहे.

बांबू हे गवत आहे, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राला नवीन नाही. कार्ल लिनियस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काटेरी बांबूची नोंद बोरूच्या प्रजातीत, म्हणजे निःसंशय गवतांमध्ये केली होती. मानवेलाचे पहिले शास्त्रीय वर्णन विल्यम रॉक्सबर्ग याने अठराव्या शतकाच्या शेवटी दिले, आणि पुढे ती जात डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस या नावाने स्थिरावली. कर्नल विल्यम मनरो याने १८६८ मध्ये जगातील बांबूंवर विस्तृत प्रबंध लिहिला, तर जेम्स गॅम्बल याचा हिंदुस्थानातील बांबूंवरील सचित्र ग्रंथ १८९६ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाने प्रकाशित केला. या सर्वांनी बांबूला गवतांच्या कुळात ठेवले, त्याला कारणेही भक्कम होती. बांबूच्या बीजात एकच बीजपत्र असते, पानातील शिरा समांतर धावतात, पानाचा तळ आवरणासारखा खोडाला वेढून असतो, खोडाला पेरे असतात आणि फुले गहू-भाताप्रमाणे लहान कणिशकांत येतात. वर्गीकरण म्हणजे सजीवांना नावे देऊन कप्प्यांत ठेवणे, एवढाच अर्थ विद्यार्थ्याच्या मनात अनेकदा राहतो. प्रत्यक्षात एखादा सजीव कोणत्या कुळाचा आहे हे कळले की त्याची शरीररचना, वाढ आणि मृत्यू यांविषयी पुष्कळ काही आधीच कळलेले असते, आणि बांबूच्या बाबतीत हे ज्ञान व्यवहारात फार मोलाचे होते.

सागाचे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते, कारण त्याच्या सालीच्या आत ऊतिकर नावाचा विभाजनक्षम पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला दरवर्षी नवे लाकूड तयार करतो आणि म्हणून कापलेल्या ओंडक्यावर वाढीची वलये दिसतात. बांबूत असा थर नसतो. पावसाळ्याच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारा कोंब आपल्या अंतिम जाडीनेच बाहेर पडतो, आणि पुढे तो कधीच जाड होत नाही. त्या कोंबात सर्व पेरी आधीच एकमेकांवर दाटून तयार असतात. प्रत्येक पेराच्या तळाशी आंतरीय विभज्या, म्हणजे मधल्या जागी राहिलेला विभाजनक्षम पेशींचा पट्टा असतो, आणि तो एकेक करून कार्यान्वित होत गेला की कोंब काही आठवड्यांत माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर निघून जातो. पावसाळा सरेपर्यंत काठीची उंची पूर्ण होते. त्यानंतरची दोन-तीन वर्षे ती केवळ आतून पक्की होत राहते, कारण तिच्या पेशींच्या भित्तींत सेल्युलोजच्या धाग्यांभोवती लिग्निन हे टणकपणा देणारे द्रव्य साठत जाते. कोवळी काठी आणि पक्की काठी यांच्या उंची-जाडीत फरक नसतो. फरक असतो तो पेशीभित्तीत, आणि तो ओळखण्यासाठी काठीचा रंग, तिच्यावरची शिल्लक आवरणे आणि ठोकल्यावरचा आवाज यांची पारख लागते. ती पारख जंगलात राहणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे.

इतक्या वेगाने वाढणाऱ्या कोंबाला पाने नसतात, म्हणजे स्वतःचे अन्न तो करू शकत नाही. ते अन्न मूलक्षोडातून येते. मूलक्षोड म्हणजे जमिनीखाली वाढणारे खोड. ते मुळासारखे दिसले तरी त्याला पेरे आणि डोळे असतात, म्हणून शास्त्र त्याला खोडच मानते. गेल्या एक-दोन वर्षांत उगवलेल्या काठीच्या बुडाशी असलेल्या मूलक्षोडाचा डोळा फुटून त्यातून यंदाची काठी येते, आणि तिला लागणारे पिष्ट जुन्या काठ्यांच्या पानांनी तयार करून खाली साठवलेले असते. वरून पाहणाऱ्याला वीस-तीस काठ्या दिसतात; जमिनीखाली पाहिले तर ते सारे एकमेकांना जोडलेले एकच शरीर असते. गावकरी त्याला बेट म्हणतात, वनखात्याच्या कागदपत्रांत आणि मजुरांच्या बोलण्यात त्याला रांझी असेही म्हटले जाते. जीवशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न, सजीवाचे एकक कोणते, तो येथे अगदी व्यावहारिक रूपात उभा राहतो. काठीला एकक मानले तर शंभर काठ्यांतून पन्नास तोडणे म्हणजे निम्मा माल काढणे होय. बेटाला एकक मानले तर कोणत्या पन्नास तोडल्या यावर सारे अवलंबून असते, कारण कोवळ्या काठ्या तोडल्या तर पुढील वर्षीच्या कोंबांचे जन्मस्थानच जाते, आणि पक्क्या काठ्या सर्वच काढल्या तर कोंबांना पोसणारी पाने जातात व वाऱ्यात आधारही राहत नाही.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलभागात, बांबूच्या कोवळ्या कोंबांना वास्ते म्हणतात आणि पावसाळ्यात त्यांची भाजी होते. वास्ते काढणे म्हणजे पुढील वर्षाची काठी खाणे, हे उघड आहे. तरीही घरापुरते वास्ते काढणाऱ्या गावांशेजारी बांबू टिकून राहिला. एका बेटातून येणारे सर्व कोंब वाढत नाहीत, काही आपोआप मरतात, आणि मोजके काढल्याने बेटाच्या साठ्यावर मोठा भार पडत नाही. बाजारासाठी पोत्यांनी वास्ते काढणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि घरची भाजी व बाजाराचा माल यांतला भेद न करता गावकऱ्यांना सरसकट दोष देणाऱ्यांनी या प्रदेशावर अन्यायच केला आहे.

बांबू विणणाऱ्या बुरूड समाजाचा व्यवसाय बांबूच्या शरीररचनेवरच उभा आहे. मानवेलाची काठी आडवी कापून छेद पाहिला तर पिवळट पार्श्वभूमीवर गडद ठिपके विखुरलेले दिसतात. हे वाहक वृंद होत, म्हणजे पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांचे आणि त्यांना वेढणाऱ्या जाड भित्तीच्या तंतूंचे जुडगे. काठीच्या आतील बाजूस ते मोठे व विरळ असतात आणि बाहेरच्या बाजूस लहान व अगदी दाट. म्हणून सालीलगतची कामटी चिवट निघते व वाकवली तरी तुटत नाही, आणि आतल्या गराची कामटी ठिसूळ असते व हलक्या कामाला लावली जाते. सागाच्या लाकडात केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या आडव्या पेशींच्या रांगा असतात. बांबूच्या दोन पेरांमधल्या कांड्यात त्या नसतात, सर्व तंतू उभेच धावतात. बुरुडाने कोयत्याचे पाते टोकाला टेकवून हलका दाब दिला की चीर सरळ खाली धावते आणि पेरावर येऊन अडखळते, कारण तेथे वाहक वृंद आडवे वळून एकमेकांना मिळतात व आत पडदा तयार झालेला असतो. पेर ओलांडताना हात किती जोराने आणि कोणत्या कोनात फिरवायचा, यातच कारागिराचे कौशल्य आहे. सूप, टोपली, डाली, धानाच्या कणग्या, ताटवे, मासे धरण्याची साधने हे सारे अशा कामट्यांतून होते. कापलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही अशीच पारखीची आहे. काठीतील पिष्ट त्यामुळे धुऊन निघते आणि त्या पिष्टावर जगणारा, बांबू पोखरून त्याचे पीठ करणारा भुंगेरा लागत नाही.

इंग्रजी अंमल आला तेव्हा हे ज्ञान लिखित नव्हते, आणि सरकारला तेव्हा बांबूत विशेष रसही नव्हता. रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि इमारतींसाठी सागाची गरज होती. १८६५ च्या आणि त्याहून कडक अशा १८७८ च्या वनकायद्याने जंगलांवर सरकारी मालकी पक्की केली, राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या, आणि गावांकडे निस्तार, म्हणजे घरगुती व शेतीच्या गरजेपुरते वनोपज घेण्याची सवलत तेवढी उरली. १८७८ च्या कायद्याच्या व्याख्येत ताड-माडांबरोबर, वेताबरोबर आणि झुडपांबरोबर बांबूही ‘वृक्षा’त मोडतो असे लिहिले गेले, आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने तीच व्याख्या पुढे चालवली. लिनियसचा ग्रंथ येऊन तेव्हा पावणेदोनशे वर्षे होत आली होती. वनाधिकाऱ्यांना बांबू गवत आहे हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. गॅम्बल स्वतः वनाधिकारी होता. ही व्याख्या अज्ञानातून आली नव्हती, तिच्यामागे सोय होती. वृक्ष तोडला की कायद्याने तो इमारती लाकूड ठरे, आणि अशा लाकडाच्या वाहतुकीवर सरकारला परवान्याचा ताबा ठेवता येई, मग ते जंगलातून आलेले असो वा कोणाच्या शेताच्या बांधावरून. त्यामुळे बुरुडाच्या डोक्यावरची मोळीही कायद्याच्या नजरेत लाकूड झाली. पुढे नोंदणी झालेल्या बुरूड कुटुंबांना ठरावीक बांबू सवलतीच्या दराने देण्याची पद्धत आली, पण त्यामुळे कारागीर आगाराच्या दारात मागणारा झाला, आणि कोणती काठी घ्यावी हे बेटापाशी उभे राहून ठरवण्याचा त्याचा अधिकार गेला.

याच काळात वनखात्याने तोडीचे नियमही घालून दिले, आणि ते नियम शास्त्राला धरून होते हे नमूद करायला हवे. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, पाडून प्रत्येक कुपात तीन-चार वर्षांनी एकदाच तोड करावी. पावसाळ्यात तोडू नये. कोवळ्या काठ्यांना हात लावू नये. काही पक्क्या काठ्या आधारासाठी ठेवाव्यात. तोड जमिनीच्या जवळ पण पेराच्या वर करावी आणि मूलक्षोड खणू नये, असे त्यांचे स्वरूप होते. या प्रत्येक नियमामागे बेट हे एकक आहे ही समजूत दिसते. कागदावर शास्त्र बरोबर होते. अडचण पुढे आली ती या नियमांचा सामना कारखान्याच्या भुकेशी झाला तेव्हा.

कागद हा मुळात पेशीभित्तींचाच खेळ आहे. वनस्पतीच्या पेशीभित्तीतील लिग्निन रसायनांनी विरघळवून काढले की सेल्युलोजचे तंतू मोकळे होतात, आणि ते तंतू पाण्यातून जाळीवर पसरून वाळवले की कागद होतो. बांबूचे तंतू बहुतेक रुंदपर्णी झाडांच्या तंतूंपेक्षा लांब असतात, म्हणून त्याचा कागद मजबूत होतो. पण त्यात पिष्ट पुष्कळ असल्याने लगदा काळपट होई आणि रसायने फार लागत. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून यावर काम करून दोन टप्प्यांची पद्धत बसवली: आधी सौम्य द्रावणाने पिष्टासारखी द्रव्ये काढायची, मग तीव्र द्रावणाने लिग्निन. १९२५ मध्ये बांबूपासून कागद करणाऱ्या उद्योगाला परदेशी मालापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि ज्या वनस्पतीला खाते तोवर गौण समजत होते तिच्यावर उद्योगाचे लक्ष खिळले. १९२९ मध्ये बल्लारशाह ते काजीपेठ हा लोहमार्ग पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास रस्ता सलग झाला. पाण्याला वर्धा नदी, कोळशाला वर्धा खोऱ्यातील खाणी, कच्च्या मालाला चांद्याचे जंगल आणि मालवाहतुकीला रेल्वे, इतके सारे एका जागी असताना बल्लारपूरला कागद कारखाना येणे जवळजवळ ठरलेलेच होते. करमचंद थापर यांच्या उद्योगसमूहाने १९४५ मध्ये त्यासाठी कंपनी स्थापली. पुढे तिचे नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झाले.

शासनाशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारांनी चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांतील बांबू कारखान्याकडे जाऊ लागला, आणि हिवाळा-उन्हाळ्यात बांबूतोड हे येथील हजारो कुटुंबांचे मजुरीचे साधन झाले. कारखान्याने या भागाला रोजगार दिला, हे खरेच आहे. त्याच वेळी मालाच्या किमतीची रचना अशी होती की बांबू टिकवण्यात कोणाचेच हित उरले नाही. मजुरी काठ्यांच्या मोजणीवर मिळे, त्यामुळे मजुराचे हित अधिक काठ्या तोडण्यात आणि सोप्या जागेतल्या तोडण्यात. कारखान्याला कच्चा माल बाजारभावापेक्षा फार स्वस्त मिळे, त्यामुळे त्याचे हित वेग वाढवण्यात. आणि गावाचे तर काही उरलेच नव्हते. बांबूच्या सवलतीच्या दरांचा प्रश्न पुराव्यानिशी मांडला तो पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी, १९७० च्या दशकात, कर्नाटकातील जंगलांच्या अभ्यासातून. तेथे कारखान्याला बांबू दीड रुपया टन अशा दराने दिला गेला होता, तर बुरुडांना बाजारात त्याच मालासाठी कित्येक पटींनी पैसे मोजावे लागत. गाडगीळ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी वाळक्या, काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. तोडीला सोपे जावे आणि बेट ‘स्वच्छ’ व्हावे म्हणून ते काढून टाकले जाई. गावकऱ्यांनी मात्र बजावले होते की ते जाळेच कोंबांचे संरक्षण करते, आणि निरीक्षणातून त्यांचेच म्हणणे खरे ठरले: जाळे काढलेल्या बेटांतील कोवळे कोंब गुरे, साळिंदरे आणि वानरे खाऊन टाकत. तोवर बांबूच्या ऱ्हासाचे खापर गावकऱ्यांवर फोडले जात होते.

या साऱ्या व्यवस्थांना एक गोष्ट कधीच पुरती पेलता आली नाही, ती म्हणजे बांबूचा मृत्यू. मानवेलाचे बेट अनेक दशके फुलाशिवाय, केवळ मूलक्षोडातून नव्या काठ्या काढत जगते. याला शाकीय प्रजनन म्हणतात आणि त्यात आनुवंशिक द्रव्याची नवी जुळणी होत नाही. मग एका टप्प्याला, साधारणतः चाळीसएक वर्षांच्या वयात, बेट फुलते, बी धरते आणि मरते. एकाच पिढीच्या बियांपासून वाढलेली बेटे जवळपास एकाच काळात फुलत असल्याने मैलोन्‌मैल जंगल एक-दोन वर्षांत पिवळे पडून वाळते. मानवेलात तुरळक बेटे एरवीही फुलतात आणि एखाद्या भागाचा सामूहिक फुलोरा काही वर्षांत टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो. ईशान्येतील काही जातींचा फुलोरा मात्र इतका नेमका असतो की मिझोराममध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचे चक्र लोकांच्या स्मरणात नोंदलेले आहे. १९५८-५९ च्या तेथील फुलोऱ्यानंतर उंदरांची संख्या बेसुमार वाढली, त्यांनी शेते फस्त केली आणि दुष्काळ पडला.

इतका काळ थांबून एकदम फुलण्यात वनस्पतीचा लाभ काय, याचे आज सर्वाधिक मानले जाणारे उत्तर डॅनियल जॅन्झन या परिसरशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये दिले. दरवर्षी थोडे बी आले असते तर उंदीर, पक्षी आणि रानडुकरांनी ते सगळे खाल्ले असते. दशकांतून एकदा इतके बी पडते की खाणारे तृप्त होऊनही पुष्कळ उरते आणि रुजते. जे बेट एकटेच आधी किंवा नंतर फुलले त्याचे बी संपून गेले आणि त्याचा वंश खुंटला. सर्वांबरोबर फुललेल्यांचे वंश टिकले. नैसर्गिक निवड म्हणजे बलवानाने दुबळ्याला मारणे, अशी जी समजूत रूढ आहे तिला हे उदाहरण चांगला धक्का देते, कारण येथे टिकून राहण्याचे साधन इतरांशी जुळलेली वेळ हे आहे. ती वेळ बेटाला कशी कळते, त्याच्या पेशींत वर्षे कशी मोजली जातात, हे शास्त्राला अद्याप उलगडलेले नाही. दुष्काळात बांबूचे बी माणसांच्याही कामी आले आहे. १८६४ साली कॅनरा भागातील बांबू फुलला तेव्हा धारवाड व बेळगाव जिल्ह्यांतून हजारो लोक ते भातासारखे बी गोळा करायला आले होते.

चंद्रपूर-गडचिरोलीत गेल्या दशकात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासह अनेक ठिकाणी मानवेलाचा मोठा फुलोरा आला. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. म्हणजे संरक्षणाची ही सारी व्यवस्था बहुतांशी बांबूच्या एका-दोन पिढ्यांच्या आयुष्यातच उभी राहिली आहे. बांबू वाळला की परिसंस्थेतील अनेक धागे एकदम ताणले जातात. रानगव्याचा उन्हाळ्यातला हिरवा चारा आणि वाघिणीचा पिलांसाठीचा आडोसा कमी होतो. वाळक्या काठ्यांचे ढीग वणव्याला इंधन पुरवतात. पण त्याच वेळी जमिनीवर ऊन पोहोचते, गवत वाढते, त्यामागे तृणभक्षी येतात, आणि गवतासारखीच दिसणारी बांबूची रोपे लाखोंनी उगवतात. त्यांतली बहुतेक मरतात. उरलेल्यांचे तोडण्याजोगे बेट व्हायला दहा-बारा वर्षे जातात, आणि त्यातील पहिल्या काही वर्षांत एक वणवा किंवा मोकाट चराई पुढच्या चाळीस वर्षांचा बांबू नाहीसा करू शकते.

हक्काच्या प्रश्नाला वळण मिळाले ते धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावात. १९८० च्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टणम येथील प्रस्तावित धरणांविरुद्ध या भागात आंदोलन झाले, आणि त्यातून मेंढ्याच्या ग्रामसभेला आपल्या जंगलाचा निर्णय आपण करावा ही दिशा मिळाली. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत बसवली आणि कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीला विरोध केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव स्पष्ट लिहिले, म्हणजे संसदेच्या एका कायद्यात बांबू वृक्ष आणि दुसऱ्यात बिगर-लाकडी उपज, अशी स्थिती आली. २००९ मध्ये मेंढा (लेखा) आणि शेजारच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टरांवर. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देण्याचा अधिकार खाते सोडेना. जुन्या व्याख्येने तोडलेला बांबू लाकूडच होता. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानण्यास सांगितले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर गडचिरोलीतील हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि बांबूविक्रीचा पैसा त्यांच्या खात्यांत येऊ लागला. नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकुमाने वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू हा शब्द अखेर वगळण्यात आला. त्याचा मुख्य लाभ खासगी शेतांवरील बांबूला झाला. जंगलातला बांबू वनोपज म्हणून नियमांखालीच राहिला.

हक्क मिळाल्यावर बेट आपोआप सुरक्षित होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. काही ग्रामसभांनी ठेकेदारांशी घाईने करार केले, आणि कोवळ्या काठ्यांची तोड तेथेही झाली. फरक इतका की चूक झाली तर तिचे फळ त्याच गावाला त्याच आयुष्यात दिसते, आणि सुधारण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. जंगलाला काही वर्षे विसावा देण्याचा निर्णय अशाच ठिकाणी होऊ शकतो. खरी अवघड कसोटी फुलोऱ्याची आहे. वनखात्याचा कार्य आयोजना आराखडा साधारण दहा वर्षांचा असतो, ठेकेदाराचा करार एका हंगामाचा, आणि मानवेलाची पिढी चाळीस वर्षांची. फुलोऱ्यानंतर दशकभर बांबूचे उत्पन्न थांबणार, त्या काळात चराई रोखायची, जाळरेषा काढायच्या, मेलेल्या काठ्या वणव्यापूर्वी बाहेर काढून विकायच्या आणि बुरुडांना दुसरीकडून माल पुरवायचा, यासाठी विक्रीच्या चांगल्या वर्षांतच निधी बाजूला ठेवावा लागतो. गेल्या दशकातील फुलोऱ्यातून उगवलेली पिढी साधारणतः २०६० च्या आसपास फुलेल. जुन्या बेटांचे जन्मवर्ष कोणी लिहून ठेवले नव्हते, म्हणून त्यांच्या मृत्यूची वेळ कारखान्याला, खात्याला आणि गावाला अंदाजानेच धरावी लागली. या पिढीचे मात्र कोणत्या कुपात कोणत्या वर्षी बी पडले आणि रोपे कधी रुजली, हे प्रत्येक ग्रामसभेच्या नोंदवहीत आजच लिहिता येते.